बंद ब्राउझरमधलं वर्धा

मंडळी, काल कॉम्प्युटर अपग्रेड केला आणि आज ब्राउझर उघडूनच नाही राहिला! टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं, तर त्याच्या जुन्या प्रोसेस मागं अडकून बसलेल्या. त्या संपवल्या, 'बंद केल्यावरही मागं चालू ठेवा' ही सेटिंगही काढून टाकली. ब्राउझर झटक्यात उघडला. काम उरकून मी तो बंद केला.

दुपारी आईनं विचारलं, "अहो, आभाळ येऊन राहिलं का? गच्चीवर कुरडया आहेत."

बाबांनी खिडकीबाहेर नाही, स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. "काहून वं, आज वर्ध्याचं हवामान दिसून नाही राहिलं?"

नोकरीपायी रायपूरला येऊन जन्म गेला, वर्ध्याचं घरही आता नाही. पण आमच्या कुरडया अजून वर्ध्याच्या उन्हातच वाळतात.

ते हवामान बंद ब्राउझरच मागून दाखवत होता; मी गुपचूप सेटिंग परत चालू केली. थोड्या वेळानं कोपऱ्यात वर्धा उगवलं. "कडक ऊन आहे," बाबा म्हणाले. आई निवांत झाली.

इकडे रायपुरात, आमच्या शंकर नगरावर ढग सावकाश उतरत होते. मी हळूच गच्चीवर गेले आणि कोणाला न सांगता कुरडया आत आणल्या.

तुमच्या घरी, सगळं बंद केल्यावरही, मागं कोणतं गाव चालू असते?