पूजलेला कॉम्प्युटर भंगारात दिला

मैत्रिणींनो, बचतगटातल्या बायकांचे फॉर्म मीच भरते. त्यांची आधार कार्डं, पासबुकं घरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. ती डिलीट करून परवा कॉम्प्युटर भंगारात दिला.

भंगारवाला दारातच तो हातोड्याने फोडणार होता. मीच थांबवलं. दसऱ्याला पूजलेल्या वस्तूवर घाव घालू नये, असं आईने लहानपणीच शिकवलंय.

आज कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला, डिलीट केलेलंही डिस्कमधून परत काढता येतं. तशीच सातपूरला त्या भंगारवाल्याच्या दुकानात पळाले.

"डिस्क चांगली निघाली, ताई. कालच विकली."

"कोणाला?"

"भंगारात नाव कोण विचारतं?"

गटातल्या शकुंतलामावशींना फोनवर सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मला नवा आधार नंबर काढून दे ना, बाई."

तो बदलून मिळत नाही. बाकीच्या बायकांना हे कोणत्या तोंडाने सांगू?