चूपरावांच्या घरातली शांतता

प्रयोगशाळेत सगळे त्यांना चूपराव म्हणत, कारण पाणी सोडलं की ते आधी तोंडावर बोट ठेवत. चपला बाहेर, पंखा बंद, शिंक आली तर गिळायची. काचेच्या सरळ नळीत पाण्याबरोबर लाल रंगाची बारीक रेघ सोडत. वेग वाढवला तरी ती सुतासारखी सरळ जाई. पण कुणाचा टेबलाला धक्का लागला की झालं! रेघ विस्कटायची आणि नळीभर खळबळ माजायची. शेजारच्या वेटोळ्या नळीला असले नखरे नव्हते. त्याच वेगाचं खळबळतं पाणी तिच्यात सोडलं तरी वेटोळी घेता घेता ते निवळायचं. वळणावर पाणी बिथरायचं सोडून शहाणं होतं, याचं चूपरावांना इतक्या वर्षांनीही नवल वाटे.

मग त्यांच्या आईला चक्कर आली. डॉक्टरांनी तिच्या मानेला स्टेथोस्कोप लावला.

"सूं सूं ऐकू येतंय. शीर अरुंद झालीय, तिथे रक्त खळबळतंय. यांचं हृदय बघता ऑपरेशन झेपणार नाही. गोळ्या देऊ."

"घरात शांतता ठेवली तर?"

"त्याचा काही संबंध नाही हो. त्यांना हसूबोलू द्या."

चूपरावांना ते पटलंही. पण शिरेला काही वेटोळं घालता येत नव्हतं, आणि हातावर हात ठेवून बसवत नव्हतं. मग जे एकच काम येत होतं, ते त्यांनी केलं. घर गप्प केलं. बायको भांडी फडक्यावर ठेवू लागली. आईच्या मैत्रिणींची दारातूनच बोळवण झाली. आई म्हणजे एकदा तोंडाचा पट्टा सुटला की थांबायची नाही. ती बिचारी भिंतीकडे बघत बसे.

"मेल्या, मी काय तुझी काचेची नळी आहे? मेल्यावर गप्पच पडायचंय की!"

"हळू बोल, आई."

"अहो, बोलू द्या ना त्यांना," बायको म्हणाली. तिलाही त्यांनी चूप केलं.

एका सकाळी आईची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. "हे तसंही झालंच असतं," डॉक्टर म्हणाले. त्याने चूपरावांना काडीचाही धीर आला नाही. उलट, मग आपण तिचं बोलणं कशापायी बंद केलं, हेच त्यांना खात राहिलं.

"आई, शिव्या घाल, पण बोल गं," ते तिच्या उशाशी बसून म्हणाले.

तिने ओठ हलवले. घशातून काहीतरी निघालं, पण त्याचा शब्द होईना. तहान लागली असेल म्हणून त्यांनी पाण्याचा चमचा पुढे केला. तिने तोंड फिरवलं. मग तिला काय म्हणायचं होतं, ते त्यांना कधीच कळलं नाही.