मोहरमच्या गोड गोड शुभेच्छा

"मी ते चित्र न्हाई मागं घेणार," मी म्हणाले. "माहेरी वराळ्याला मी ह्याच तोंडानं खाल्लेले चोंगे काय खोटे होते?"

"मावशी, चोंग्यांचा प्रश्नच नाही," सायली म्हणाली. "लतीफभाई समोर उभे आहेत. निदान त्यांच्यासमोर तरी..."

"त्यांच्यासमोरच बोलते. माघारी बोलायची मला सवय न्हाई."

लतीफभाई दारातच थांबलेले. रेनकोटाचं पाणी पायपुसण्यावर ठिबकतंय. भांडायला आलेला माणूस गप्प उभा राहिला की समजावं, आपलं काही खरं नाही. पण मला तेवढं समजत असतं, तर माझी ही फजिती तुम्हाला ऐकायला मिळाली असती का?

भांडण जरा तिथंच उभं राहू द्या. आधीचं सांगते.

लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानावर दोन खोल्यांत सायलीचं ऑफिस आहे. काम काय, तर हॉटेलं, बेकऱ्या, दवाखाने यांच्या वतीनं मोबाईलवर सणवार साजरे करायचे. दिवाळी आली, पणती टाक. मॅच जिंकली, तिरंगा टाक. कुणी मोठा माणूस गेला, काळी चौकट टाक. चित्रं महिनाभर आधीच तयार असतात, खाली दुकानाचं नाव तेवढं बदलायचं. पूर्वी सणाला घरोघर जावं लागायचं. आता दुकानदार घोरत असतो आणि त्याच्या शुभेच्छा गावभर फिरून येतात.

मी तिथं पोचले ती भांडायलाच. गेल्या सहा डिसेंबरला आम्ही घरात बाबासाहेबांच्या फोटोपुढं बसलो होतो. मोबाईल वाजला. लोणावळ्यातल्या एका हॉटेलनं चित्र पाठवलेलं. मेणबत्ती, निळं आभाळ, आणि खाली झोकदार अक्षरांत, "महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा".

चित्र करतं कोण, याची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कुरवंड्याहून पहिली जीप पकडून खाली उतरले.

"ही कुणाच्या डोक्यातली अक्कल?" मी दारातूनच विचारलं.

सायली उठून उभी राहिली. "माफ करा मावशी. एवढी गर्दी असते, मेणबत्त्या असतात, आम्हाला वाटलं सण आहे."

"गर्दी दिसली, आन् गर्दीचं डोळं न्हाई दिसलं? तुझ्या घरचं माणूस गेलं तर मी दारात रांगोळी घालायला येऊ का?"

पोरगी गुणाची. उलट बोलली नाही. चित्र मागं घेतलं, माफी टाकली, आणि माझ्यादेखत भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं, "दुःखाला शुभेच्छा देत नाहीत. – कलामावशी". मग म्हणाली, "मावशी, आठवड्यातून दोनदा येऊन आमची चित्रं बघाल का?"

मी शाळेची पायरी चढलेली नाही. चिक्कीच्या कारखान्यात पाकिटांवर लेबलं चिकटवता चिकटवता अक्षरं जुळवायला शिकले. जन्मात पहिला वाचलेला शब्द "शेंगदाणा". आणि आता मी खुर्चीत बसून कॉलेज शिकलेल्यांना पास-नापास करणार. खुर्चीही कुठली, तर त्या फळ्याच्या बरोबर खालची. माझं नाव डोक्यावर घेऊन बसायचे मी तिथं.

सात महिने माझ्या "हं"शिवाय एक चित्र बाहेर पडलं नाही. माणसाचं डोकं फिरायला सात महिने रग्गड झाले.

मग आला मोहरम. लतीफभाईंची बेकरी हे सायलीचं सगळ्यात पहिलं गिऱ्हाईक. तिनं चित्र साधंच केलं होतं. काळी-हिरवी जमीन, वर मजकुराला जागा सोडलेली.

"मावशी, काय लिहायचं ते लतीफभाईंना विचारून घेऊ का?"

"इचारतीस काय? मी त्या डोल्यांपुढं नाचलीय."

आणि ते खरं आहे. माझ्या माहेरी वराळ्याला डोले, म्हणजे मोहरमचे ताबूत, निघायचे तेव्हा सगळा गाव मागं असायचा. ढोल, मलिदा, चोंगे म्हणजे तळलेल्या गुळाच्या पोळ्या. पण माझ्या ध्यानात राहिलंय ते शरबत. एरवी आम्हाला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. ओंजळ गळायची, परकर भिजायचा. मोहरमला मात्र भरलेला पेला हातात यायचा. हातात. मी तो पेला किती हळूहळू प्यायचे ते मलाच माहीत. त्याच्याहून मोठा सण मला लहानपणी ठाऊक नव्हता.

म्हणून मी सायलीच्या मागं लागले. काळा रंग काढ, गुलाबी घाल. ढोल घाल. शरबताचा पेला घाल, त्यात बर्फ दिसू दे. पेला धरायला एक हसरं लेकरू घाल. आणि मजकूरही मीच सांगितला, "गारेगार शरबत, गरम गरम चोंगे, मोहरमच्या गोड गोड शुभेच्छा".

सायलीनं दोनदा माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "हं."

मोहरमच्या दहाव्या दिवशी सकाळी बेकरीच्या नावानं चित्र गेलं. दुपारी लतीफभाई आले. आता या परत त्या भांडणात.

चोंगे खोटे होते का, असं मी विचारल्यावर लतीफभाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"चोंगे खरेच होते, मावशी. पण आमची आई ह्या दहा दिवसांत नवा कपडा घालत नाही. घरात गाणं लावत नाही. शरबत वाटतो ते रणात तहानेनं मेलेल्यांच्या आठवणीत. त्यांचं पाणी अडवलं होतं. लहान लेकरू पण होतं त्यांच्यात. आई विचारते, आपल्या दुकानानं असं कसं म्हटलं? मी काय सांगू तिला? सायली, पुढचं काम आता तुमच्याकडं नको."

"लतीफभाई, चूक माझी," सायली म्हणाली. "मीच विचारायला हवं होतं. मावशींचा यात काही संबंध नाही."

बघा, पोरगी माझ्यापुढं ढाल धरून उभी राहिली. आणि मी? पाणी अडवणं म्हणजे काय, हे त्या खोलीत मला कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी माझी जीभ अजून खुर्चीतच बसलेली.

"पण भाऊ," मी म्हणाले, "एवढी गर्दी असायची, ढोल असायचे, आमाला वाटलं सण हाय..."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते ओळखीचं वाटलं. सायलीनं मान खाली घातली. लतीफभाईंची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली आणि तिथंच थांबली. ते इथं आले की दर वेळी तो फळा वाचत असणार. मी खुर्ची मागं सारली, वळले, आणि माझंच वाक्य सात महिन्यांत पहिल्यांदा शेंगदाण्यासारखं एकेक अक्षर लावत वाचून काढलं.

"लतीफभाई," मी म्हणाले, "आईला सांगा, ही चूक कुरवंड्याच्या कलाबाईची हाय, पोरीची न्हाई. आन् उद्या मी सोता येऊन त्यांच्या पुढ्यात बसते."

"राहू द्या मावशी," लतीफभाई म्हणाले.

"न्हाई, येणार," मी म्हणाले.

"मावशी, तुम्ही कशाला जाता, मी जाते ना," सायली पुन्हा मध्ये पडली. "तुम्ही बसा बघू खुर्चीत."

"बसते, पर आधी तो फळा तिथनं काढ आन् माझ्या तोंडासमोर लाव," मी म्हणाले, "हापिसात येणाऱ्या समद्यांना तो दिसतो, माझ्या एकटीच्याच पाठीमागं हाय."