माझ्या मापाची रायफल

"हात काटकोनात धर," काका म्हणायचे, आणि समोरचा 'कशाला?' असं विचारेपर्यंत त्यांच्या खिशातली स्टीलची टेप बाहेर आलेली असायची. कोपराच्या खळग्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत माप घ्यायचे, "सव्वातेरा इंच" असं स्वतःशीच पुटपुटायचे आणि निकाल द्यायचे, "तुम्हाले थर्टी-ऑट-सिक्सची रायफल पेलत नाही. खांदा निघून येईन." ज्यांना हे सांगितलं ते पुण्याहून नुकतेच आलेले एक प्राध्यापक. हातात गणपतीच्या प्रसादाची वाटी, आणि बंदूक आयुष्यात फक्त सिनेमात पाहिलेली. त्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

काका मूळचे नागपूरचे. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं प्रयोगशाळांची यंत्रं बनवली. रिटायर झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस यायचे, "लेथ मशीनले करमत नाही मायाबिगर" म्हणून. मी त्याच इमारतीत कॉम्प्युटर सांभाळते. जेवायच्या सुट्टीत त्यांच्या डब्याचा वास आला की मी खुर्ची सरकवून हजर. सावजी मसाल्यातलं हरणाचं मटण! खाऊन घाम फुटायचा, नाक गळायचं, तरी मी वाटी पुसून घ्यायची. खायला मी कायम पुढे होते, हे आधीच सांगून टाकते.

पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग झालं की शनिवारी हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो. निम्मं वर्कशॉप सुट्टीवर जायचं. काका पंचवीस वर्षं त्यांच्याच वर्कशॉपमधल्या एका वेल्डरबरोबर जायचे. तो गुडघे गेल्यावर फ्लोरिडाला राहायला गेला, आणि काकूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. एक मुलगी, ती लांब टेक्सासात, प्लेनोला. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, नो वन गोज अलोन ॲट सेव्हन्टी-थ्री. पार्टनर असेल तर जा, नाहीतर रायफली विकून टाका." तिचं काय चुकलं? मीही माझ्या बाबांना हेच म्हटलं असतं.

हे सगळं काकांनी मला डबा खाताना सांगितलं आणि विचारलं, "तू येतेस का मायासंग?"

मी म्हणाले, "हो काका, नक्की येईन!"

आता तुम्ही मला सांगा, आपल्यात 'नक्की येईन' म्हणजे काय असतं? हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं, नक्की. कोणाच्या मुलीच्या नाचाची, अरंगेत्रमसारखी तीन तासांची काही भानगड असली, नक्की. समोरच्याचं मन राखायचं, वेळ मारून न्यायची, आणि त्या दिवशी ताप आल्याचा मेसेज टाकायचा. बोलावणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो मनाला लावून घेत नाही. मेल्या जिभेला हाड नाही. पण काका पंचेचाळीस वर्षं त्या वेल्डरसारख्या माणसांत राहिले होते. तिथं 'पाच वाजता येतो' म्हणणारा पाचला पाच कमी असताना अंगणात गाडी लावतो. काकांनी माझं 'नक्की' जसंच्या तसं घेतलं. दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन माझ्या डेस्कपाशी उभे राहिले.

"साडेबारा," ते म्हणाले. "लहान हात आहे तुया. लाकूड कापावं लागन."

मग सुरू झालं माझ्यासाठी रायफल निवडणं. दोन महिने! माझ्या लग्नात नवरा निवडायला एवढा वेळ लागला नव्हता. एका शनिवारी ते मला गावाबाहेरच्या दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसानं एक भलीथोरली मॅग्नम काढून ठेवली. म्हणाला, ही घ्या, हत्तीसुद्धा पडेल. काका त्याला शांतपणे म्हणाले, "आमच्या डोंगरात हत्ती नाहीत." आणि मला मराठीत समजावलं, "हे पाहाय, आपल्या जंगलात झाडी इतकी दाट, शंभर यार्डांच्या पलीकडचं काही दिसतच नाही. मोठी गोळी घेऊन काय करतेस? हरणाले समजत नाही गोळी केवढी होती ते. तुया खांद्याले समजते. अन् एकदा खांदा घाबरला, की डोळा मिटते, अन् नेम पोटात लागते. मंग ते जनावर दोन मैल रक्त सांडत पळते. ते पाप कोनाचं?"

टू-फॉर्टी-थ्रीची रायफल त्यांनी हातात घेतली, धक्का कमी म्हणून माझ्या खांद्याला लावून पाहिली, आणि परत ठेवली. "नवशिक्याले नाही. ही लहान गोळी. नेम बोटभर चुकला तर सांभाळून घेत नाही." शेवटी सेव्हन एमएम-ओ-एट नावाची एक जुनी, वापरलेली, दर गोळीला हातानं खटका ओढायची बोल्ट-ॲक्शन रायफल त्यांनी घेतली. धक्का सोसवेल एवढा, गोळी हरणाला पुरेल एवढी. घरी नेऊन तिचा दस्ता इंचभर कापला, पॉलिश केला, आणि मागे रबराची गादी बसवली. काटकोनात हात धरून मी ती खांद्याला लावली तेव्हा बोट अगदी आपसूक ट्रिगरवर गेलं. "बोट बाहेर!" काका ओरडले. रिकामी होती, तरी ओरडले. आणि मग लगेच हसून, "फिट्ट बसली बाप्पा!" मला स्वतःच्या मापाची एवढी नेमकी वस्तू आजवर कोणी करून दिली नव्हती, ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनीसुद्धा.

शिकाऱ्यांचा ऑनलाइन कोर्स करून लायसन्स काढायचं होतं. चार धडे झाले, पाचव्यावर मी अडकले. म्हणजे अडकले कसली, उघडलाच नाही. त्या वर्षी मी सांगितलं, "काका, ऑफिसचा रिलीज आहे." दुसऱ्या वर्षी सासू-सासरे आले होते, ते खरंच आले होते, पण शनिवारी ते दिवसभर झोपले होते. तिसऱ्या वर्षी गुरुवारीच मेसेज केला, 'काका, सर्दी झालीये. नेक्स्ट इयर नक्की!!' खाली दोन हात जोडल्याची चित्रं.

काका प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचे, "काही हरकत नाही पोरी. रायफल कुठं पळून राहिली?" डब्यात मटण यायचं बंद झालं होतं. मी समजले, आता जात नसतील. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

तिसऱ्या वर्षीच्या त्या शनिवारी सकाळपासून बर्फ पडत होता. मी घरी आलं घातलेला चहा पीत मालिका बघत होते. रविवारी काकांच्या मुलीचा फोन आला. ती हॉस्पिटलमधून बोलत होती. काका ओढ्याकाठच्या निसरड्या दगडावरून पडले होते, कंबरेचं हाड मोडलं होतं. चार तासांनी दुसऱ्या शिकाऱ्यांना सापडले.

मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "अँड थँक यू, ताई. बाबांनी सांगितलं, तुला ऑफिसचा कॉल आला म्हणून त्यांनीच तुला परत पाठवलं. प्लीज डोन्ट फील बॅड. तीन वर्षं तू त्यांच्याबरोबर जात होतीस, म्हणूनच मला झोप लागायची."

 तीन वर्षं ते एकटे जात होते. मुलीला माझं नाव सांगून. एकट्याला हरीण ओढून आणवत नसणार, म्हणून डब्यात मटण नव्हतं. माझी रायफलसुद्धा गाडीत घालून न्यायचे, हे मला मागाहून कळलं.

हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा मुलगी शेजारीच बसली होती. काकांनी मला पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "काय वं, झाला का तुया ऑफिसचा कॉल?" डोळ्यांनी सांगत होते, गप्प राहा. मी मान हलवली. मुलगी कॉफी आणायला गेल्यावर मी त्यांचा हात धरून रडले. म्हणाले, "काका, मी यायला हवं होतं. मला यायचंच नव्हतं हो, आणि मी ते तुम्हाला कधी सांगितलं नाही."

"समजलं होतं मले," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षीच. पन तू नाही म्हटलं असतं, तर मी पोरीले कोनाचं नाव सांगतो?"

मुलगी त्यांना प्लेनोला घेऊन गेली. तिथं सहा महिने काढले त्यांनी, शेवटी न्यूमोनियानं गेले.

वर्कशॉपच्या लोकांसाठी तिनं इथंच एक छोटी सभा ठेवली. मी मागच्या रांगेत बसले होते. तिनं मला हाताला धरून पुढे नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ही बाबांची हंटिंग पार्टनर." लोक उठून येऊन माझा हात हातात घेत होते. खरं सांगून टाकायची तीच वेळ होती. पण काकांना खोटं पाडून मी खरी झाले असते, आणि तिची झोप तेवढी उडाली असती. हेही मी मलाच समजावते. त्या दिवशी धीर झाला नाही, एवढंच खरं.

तो फ्लोरिडाला गेलेला वेल्डर काठी टेकत आला होता. माझा हात त्यानं बराच वेळ सोडला नाही. त्यानं विचारलं, "शेवटच्या दिवशी जंगलात कसा होता तो?"

"खूश होते," मी म्हणाले. "बर्फ पडत होता."

बर्फ पडत होता, एवढंच मला ठाऊक होतं. तेही माझ्या खिडकीतून पाहिलेलं.