दारावरून तिसऱ्यांदा

कासची फुलं बघायची आहेत, असं आई एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमच्या परसात जास्वंद फुलते तिच्याकडंही जी बाई देवाला तोडण्यापुरती बघते, तिला शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या रानफुलांचा पुळका कशाला येईल?

आम्ही पलूसजवळचे. सातारा गाठायचा तर सरळ कराडला जावं आणि हायवे धरावा. पण आईला हायवे नको होता. "त्येच्यावर काय बघायचं? ट्रक?" तिनं मार्गही ठरवून ठेवला होता. विटा, मायणी, वडूज, मग पुसेगावावरून सातारा. वडिलांनी पेपरातून डोकं वर काढलं, "माळामाळानं जाताय व्हय?" एवढंच विचारलं आणि गालात हसून पुन्हा पेपरात शिरले. मला तेव्हा उलगडा झाला. वडूजच्या पुढं, माळावरच्या एका गावात, माझी मावशी राहते.

ही मावशी आईची सख्खी थोरली बहीण, आणि दोघींचं बोलणं बंद आहे. मावशीच्या मुलाच्या लग्नात मांडवात माइकवरून नावं पुकारून पाहुण्यांना फेटे बांधत होते. गावचे पुढारी झाले, पतसंस्थेचे संचालक झाले, कुणाचा तरी साडू झाला, पण माझ्या वडिलांचं नाव काही आलं नाही. आई पंगतीला न बसता उठून आली. वडील जेवून आले. त्यांना फेटा आज आठवतही नाही, त्या लग्नातल्या बासुंदीचं नाव मात्र ते अजून काढतात. त्यानंतर मावशीनं 'चुकलं' म्हणून फोन केला नाही आणि आईनं 'असू दे' म्हणून केला नाही. दिवाळ्या येत राहिल्या, जात राहिल्या.

विट्यापर्यंत ऊस होता. पुढं रान मोकळं होत गेलं, बाजरी लागली, टेकड्यांवर पवनचक्क्या दिसायला लागल्या. आई पुढच्या सीटवर पदर सावरून बसली होती आणि दर दोन मैलांनी "काय हवा हाय हितली!" म्हणत होती. त्याच हवेनं तिच्या केसांच्या झिंज्या केल्या होत्या, तरी काच वर करू देईना. वडूजला बाजार भरला होता. तिथं उतरून तिनं गोडी शेव घेतली, चांगली मोठी पुडी.

"तुला शुगर आहे," मी म्हणाले.

"वाटंत लागती आपली."

गोडी शेव मावशीला लय आवडते, हे आमच्या घरात मांजरालासुद्धा माहीत आहे.

आता आमच्याकडची रीत सांगते. पाहुण्याच्या, म्हणजे सोयऱ्याच्या, दारावरून जायचं आणि थांबायचं नाही, हा त्याचा अपमान. पण बोलणं बंद असताना हाकेशिवाय आपण होऊन थांबायचं, हा आपला कमीपणा. तेव्हा उपाय एकच. दारावरून जायचं, पण इतकं हळू जायचं की हाक मारायला वेळ मिळावा. आई त्यासाठीच आली होती. फुलं गेली उडत.

"सावकाश घे," गाव आल्यावर ती म्हणाली. "खड्डं हायती." रस्ता नुकताच डांबरी झाला होता.

मावशी ओट्यावर घेवडा निवडत बसली होती. गाडीच्या आवाजानं तिनं मान वर केली, बघितलं, आणि मान खाली घातली. आई त्या वेळी समोरच्या टेकडीवरच्या पवनचक्कीकडं असं एकटक बघत होती, जणू ती विकतच घ्यायची आहे. हाक काही आली नाही.

गाव संपलं. थोडं पुढं गेल्यावर आई म्हणाली, "गावाच्या तोंडाशी लागल्याल्या देवळाचा कळस बघायचा ऱ्हायला."

मी गाडी वळवली. मगाशी पारावर बसून आमच्या गाडीकडं बघणारे म्हातारे आता उठून उभे राहिले होते. एकानं हात करून विचारलं, "कुणाचं घर पायजे, ताई?" आईनं पहिल्यांदाच काच वर केली. आम्ही परत दारावरून गेलो. ओटा रिकामा होता. घेवड्याचं सूप तिथंच होतं, मावशी आत निघून गेली होती.

देवळापाशी मी थांबले, पण आईनं कळसाकडं पाहिलंही नाही. मांडीवरची पुडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. मगाशीपर्यंत मला या सगळ्याचं हसू येत होतं, आता मात्र येईना.

"उतरून जाऊ या का?" मी विचारलं.

"नगं. तिला न्हाई बघायचं माझं तोंड. चल, साताऱ्याकडं घे." आणि मग अगदी हळू, "आत निघून गेली गं ती."

साताऱ्याकडं जायचं तर पुन्हा त्याच दारावरून जावं लागत होतं. मी मनाशी ठरवलं, या वेळी गाडी झटकन काढायची.

पण काढणार कशी? मावशी रस्त्याच्या मधोमध उभी होती. अंगावर घडी मोडलेली कोरी साडी, कपाळाला ताजं कुंकू, दोन्ही हात कमरेवर. मी ब्रेक दाबला. ती माझ्या बाजूनं आली आणि माझ्याशीच बोलायला लागली. "काय गं, रस्ता चुकलाय का गाडीचं ब्रेक गेल्यात? मगाधरनं चालल्यायसा हिकडनं तिकडं. बाईमाणसाला साडी बदलायला येळ तर द्यायचा!"

आई समोर बघत म्हणाली, "आक्का, तू आत गेलीस."

"मग? इतक्या वर्सांनी भन आली आन मी घेवड्याच्या हातानं भेटू व्हय?"

"एक फोन तरी करायचा हुतास."

"मी थोरली हाय."

"आन मी धाकटी हाय!" आईचा आवाज फुटला. "माझी समजूत कुणी काढायची?"

पासष्टीची माझी आई. सुनांवर, जावयांवर, अख्ख्या भावकीवर जिचा वचक, ती गाडीत बसून हे म्हणत होती. मावशीनं पलीकडनं जाऊन दार उघडलं आणि दंडाला धरून आईला खाली उतरवलं.

चहा झाला, शेव झाली. कासला पोचण्याची वेळ केव्हाच टळून गेली. फेट्याचा विषय कुणी काढला नाही, 'चुकलं' कुणी म्हटलं नाही. मावशीनं आईकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "केसाचा काय अवतार केलायस. बस हितं." ती तेलाची वाटी आणि फणी घेऊन ओट्यावर बसली. आई मुकाट्यानं खालच्या पायरीवर, तिच्या पुढ्यात, पाठ करून बसली. मावशीनं अंबाडा सोडला तशी आई रडायला लागली, लहान पोरीगत, नाक ओढत.

"मान हलवू नगं," मावशी म्हणाली. तिनं स्वतःचे डोळे दंडाला पुसले, पण फणी थांबली नाही.