लाल दिवा लागला की

डोंगरकडा गावातल्या आमच्या घरात राऊटर बसला तेव्हा आई होती. तिला टीव्हीवर कीर्तनं ऐकायची होती, आबांना हळदीचे भाव बघायचे होते आणि मला पुण्यात बसून दोघांचे चेहरे. नेट बंद पडलं की फोन मात्र आबा करायचे, कारण यंत्राचं काम त्यांचं. "लाल दिवा लागला," एवढंच म्हणायचे. मी सांगेन तसं करायचे आणि दिवा हिरवा झाला की लगेच, "घे, आईशी बोल." आमच्या घरात बोलणं हे आईकडे होतं.

मग आई गेली. फोन द्यायला पलीकडे कुणी उरलं नाही. तरी लाल दिवा लागायचा आणि आबांचा फोन यायचा. वायर काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा. ते दहा आकडे आबा मोठ्याने मोजायचे, खळ्यावर पोती मोजावीत तसे. मग दिवा हिरवा होईपर्यंत दोन-तीन मिनिटं मोकळी असायची. त्यात केळीला पाणी दिलं, गाय व्याली, वसमतला हळद नेली, असं काहीबाही निघायचं. एकदा म्हणाले, "तिची तुळस चांगली आली यंदा." मी काही बोलायच्या आत दिवा हिरवा झाला आणि त्यांनी फोन ठेवला.

माझा धंदाच नेटवर्कचा. दुनियेचे राऊटर पुण्यातून सांभाळतो आणि सख्ख्या बापाला वायर काढायला पलंगाखाली वाकायला लावतो, हे मला बरं वाटेना. दिवाळीला गेलो तेव्हा केबलवाल्याकडून राऊटरसाठी नेटवरचा न बदलणारा पत्ता मागून घेतला, राऊटरमध्ये लांबून लॉगिन करायची सोय चालू केली, भलामोठा पासवर्ड ठेवला. रोज पहाटे तो आपला आपण बंद होऊन चालू होईल, असंही लावून दिलं. अर्धे रोग त्यानेच जातात.

"आता तुमी काईच करू नका," मी ऐटीत सांगितलं. "मी तिथूनच बघून घेत जाईन."

"बरं झालं," आबा म्हणाले. "तुला तकलीफ न्हाई."

आणि खरंच फोन बंद झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत झाली.

मग एक सवय लागली. जेवणाच्या सुट्टीत मी घरच्या राऊटरवर लॉगिन करायचो आणि जोडलेल्या उपकरणांची यादी बघायचो. आबांचा मोबाईल दिसला म्हणजे ते शेतातून आले. टीव्ही दिसला म्हणजे ताटावर बसले. सगळं कळायचं, आवाज तेवढा यायचा नाही. तुम्ही म्हणाल, फोन करायचा होतास. केला की.

"बोल, काय काम व्हतं?"

"काई न्हाई, सहज."

"बरं. ठेवू मग?"

आमच्याकडे बिनकामाचा फोन कुणी करत नाही. मला त्यांची फार आठवण यायची, आणि ते समोर यादीत असायचे.

एका दुपारी मी पुण्यातून त्यांचं वायफाय बंद केलं. मुद्दाम. लाज वाटली, पण केलं, आणि फोनकडे बघत बसलो. संध्याकाळ झाली. दुसरा दिवसही गेला. शेवटी मीच लावला.

"आबा, नेट चालू हाय का?"

"न्हाई. कालपासून बंद हाय."

"मग फोन काहून न्हाई केला?"

"तू तिथून बघून घेशील म्हणून थांबलो."

"इकडून न्हाई होऊन राहिलं," मी धडधडीत खोटं बोललो. "मागं बघा, एक बारकं बटन..."

"वायफायचं ना? माहीत हाय मला. कॅलेंडरच्या मागं समदं लिहून ठेवलंय. तुझी आई व्हती तवाचं."

म्हणजे ते वायर काढणं, ते मोजणं, यातलं काही मला विचारायची त्यांना गरजच नव्हती.

"समदं येत व्हतं, तर मला फोन काहून करायचात?"

बटन दाबल्याचा आवाज आला.

"काई काम तर पायजे का न्हाई," आबा म्हणाले, "फोन करायला?"

माझ्या पडद्यावर त्यांचा मोबाईल यादीत परत आला. तेवढ्यातच मी पहाटेचं बंद-चालू काढून टाकलं, आणि लांबून लॉगिन करायची सोयही बंद केली. माझ्या पडद्यावरचं राऊटरचं पान जागच्या जागी बंद झालं.

"आबा, आता इथून मला काईच करता येत न्हाई. बंद पडलं की तुमालाच फोन करावा लागंल."

"बरं," ते म्हणाले.

आठ दिवसांनी भर दुपारी फोन वाजला.

"लाल दिवा लागला," आबा म्हणाले. त्यांच्या मागे टीव्हीवर कीर्तन रंगात आलं होतं. आमच्याकडे ते नेटवरच दिसतं.

मी हातातलं काम बाजूला सारलं.

"वायर काढा," म्हणालो. "आणि सावकाश मोजा."

आबा मोजू लागले. कीर्तन चालूच होतं.