बाबा जिथे बसायचे, तिथे आई

गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी मी आईला घेऊन बारमध्ये गेलो... म्हणजे खरं तर तीच मला घेऊन गेली.

आमगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक साधा बार आहे. खाली थोडी टेबलं, वर ‘फॅमिली’. बाबा रेल्वेतून रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी तिथे बसायचे. सोबत त्यांचे जुने मित्र, हिवराजकाका. एखादा पेग, फुटाणे, गप्पा... आणि जेवायला घरी. आईला हे कधी पटलं नाही, पण त्यावरून घरात मोठं भांडणही कधी झालं नाही.

मागच्या वर्षी बाबा गेले. नेहमीसारखे काकांसोबत बसून आले, जेवले, झोपले... आणि सकाळी उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हार्टचं सांगितलं.

काका धावत घरी आले, तेव्हा आई सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली, “झालं न आता समाधान? रोज नेत होते न बसाले?”

तेरवीपर्यंतची सगळी कामं काकांनीच केली, मंडपापासून भांड्यांपर्यंत. आणि मग आमच्याकडे येणंच बंद केलं. बाजारात आई दिसली की ते रस्ता बदलायचे. फोनही उचलत नव्हते.

त्यामुळे त्या शनिवारी आई जेव्हा म्हणाली, “बाबू, तुझे बाबा बसत होते तिथं मले घेऊन चाल,” तेव्हा माझ्या काहीच लक्षात आलं नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं... वाटलं, आठवण येत असेल, जागा पाहायची असेल.

आम्ही आत शिरलो तशी दोन-तीन टेबलं गप्प झाली. वेटर घाईघाईने आला, “माँजी, फॅमिली ऊपर है.”

“वर कायले? याचे बाबा कुठं बसत होते ते दाखव,” आई म्हणाली. मी बाबांचं नाव सांगितलं. तो क्षणभर आईकडे बघत राहिला, मग कूलरजवळचं कोपऱ्यातलं टेबल पुसून खुर्ची मागे ओढून दिली.

मी दोन लिंबू सोडा आणि तळलेली मासोळी सांगितली. आईचं माहेर नवेगाव बांधचं, तलावाच्या मासोळीवर वाढलेली ती. एक तुकडा खाल्ला आणि “ताजी आहे” एवढंच म्हणाली. खाण्यात तिचं लक्षच नव्हतं. दार उघडलं की मान वर करून बघायची... तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

थोड्या वेळाने हिवराजकाका आले. एकटेच. टेबलापर्यंत आले, आईला पाहिलं, आणि तसेच मागे वळले.

“भाऊजी,” आईने हाक मारली. “काऊन जाऊन राहिले? बसा न.”

आजूबाजूचे लोक आपापल्या ग्लासात बघायला लागले. कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. काका खुर्चीच्या टोकावर बसले.

आई म्हणाली, “त्या दिवशी मी लोकांसमोर तुमाले तसं बोलाचं नोहोतं. कोनावर तरी राग काढाचा होता, तुमी समोर आले. घरी तर तुमी येत नाई, म्हनून मीच आली.”

काका खाली बघतच म्हणाले, “वहिनी, तुमी काई खोटं नाई बोलल्या. आदल्या संध्याकाळी ते इथून लवकर उठून राहिले होते. थकल्यासारखं वाटते म्हने. मीच हात धरून बसवलं... अजून थोडं बस म्हनून.”

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आता आई काय बोलेल...

आईने सोड्याचा ग्लास बाजूला सरकवला. “हसत आले होते त्या दिवशी घरी,” ती म्हणाली. “तुमाईचाच काईतरी किस्सा सांगून राहिले होते. मी म्हटलं, पहिले जेवून घ्या, थंडं होते. मंग राहूनच गेलं... काय होता तो किस्सा?”

काकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले. मग अडखळत सांगायला लागले... तरुणपणी दोघं केशोरीला एका लग्नाला गेले होते. चुकून भलत्याच मांडवात शिरले, पोटभर जेवले, आहेर दिला, नवरदेवाशेजारी उभं राहून फोटोसुद्धा काढला. आणि बाहेर आल्यावर कळलं, आपलं लग्न पुढच्या गल्लीत.

आई पदर तोंडाला लावून हसत होती. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. “मंग तिकडं बी जेवले का?” तिने विचारलं. “जेवलो न वहिनी,” काका म्हणाले, “नाई म्हनता येते का?”

निघताना आईने त्यांना वर्षश्राद्धाचं आमंत्रण दिलं. त्या दिवशी ते सकाळीच हजर झाले, आणि पंगतीत भात वाढायलाही तेच पुढे.

बाबांना मी घरातच पाहिलं होतं. मित्रासोबत ते कसे होते, हे मला ठाऊक नव्हतं... ते सांगणारा माणूस आता आमच्या घरी येतो-जातो. तो परत आला, यासाठी मी आईचा आभारी आहे.